तेरा लेखक आणि शेवटचं पान

दरवर्षी नवे रेसिडेंट आले की पहिल्या जर्नल क्लबला, म्हणजे निबंध वाचून चर्चा करायच्या बैठकीला, मी त्यांच्या हातात एक शोधनिबंध ठेवते आणि सांगते, मागून वाचा. सारांश नको, तक्ते नकोत, आधी शेवटचं पान. तिथे संदर्भसूचीच्या वर बारीक टायपात तीन-चार परिच्छेद कोंबलेले असतात. कोणी काय काम केलं, पैसे कुणी दिले, कुणाचे कुठल्या कंपनीशी व्यवहार आहेत, पैसे देणाऱ्याचा अभ्यासात हात किती होता. मुलं गोंधळतात. एमबीबीएसच्या साडेचार वर्षांत हा भागही वाचायचा असतो हे त्यांना कुणी सांगितलेलं नसतं. आम्हालाही नव्हतं.

खाली त्याच निबंधाचं प्रकरण मांडलं आहे. प्रकरण अमेरिकेतलं, २००६ सालचं, आणि तेव्हा वर्तमानपत्रांत आलेलं, म्हणजे गुप्त काहीच नाही. तरी लेखकांची नावं मुद्दाम गाळली आहेत. नाव आलं की चर्चा ‘तो माणूस कसा होता’ यावर घसरते. मला ती लेखकांनी भरायच्या हितसंबंधांच्या फॉर्ममधल्या एका शब्दावर हवी आहे.

पार्श्वभूमी

गरोदरपणात बाई मनाने सुखात असते, शरीरातली संप्रेरकंच तिला नैराश्यापासून राखतात, असा समज डॉक्टरांमध्येही बराच काळ होता. त्यामुळे दिवस राहिले की डिप्रेशनची गोळी बंद करणं हा सरळ रस्ता वाटायचा. प्रश्न एवढाच होता की गोळीवर बरी असलेली बाई गरोदर राहिल्यावर गोळी सोडते, तेव्हा आजार उलटतो का?

बॉस्टन, लॉस एंजेलिस आणि अटलांटा इथल्या तीन विशेष केंद्रांनी मिळून हा अभ्यास केला. मार्च १९९९ ते एप्रिल २००३ या काळात २०१ गर्भवती घेतल्या. सगळ्यांना पूर्वी मोठं नैराश्य येऊन गेलेलं, गर्भधारणेच्या आधी किमान तीन महिने प्रकृती स्थिर, आणि गोळ्या चालू किंवा नुकत्याच बंद केलेल्या. गरोदरपण संपेपर्यंत ठरावीक काळाने मुलाखती घेऊन आजार परत आला का हे पाहिलं.

निकाल ठळक होता. गोळी चालू ठेवलेल्या ८२ जणींपैकी २१ जणींचा आजार उलटला, म्हणजे २६ टक्के. पूर्ण बंद केलेल्या ६५ जणींपैकी ४४ जणींचा, म्हणजे ६८ टक्के. उरलेल्यांनी डोस कमी-जास्त केला होता. हिशेबाअंती गोळी सोडणाऱ्यांचा धोका पाचपट निघाला. गरोदरपण नैराश्यापासून वाचवत नाही, हे वाक्य तिथून जगभर गेलं.

एक गोष्ट इथेच नोंदवून ठेवते, पुढे लागेल. कोणी गोळी चालू ठेवायची आणि कोणी सोडायची हे चिठ्ठ्या टाकून ठरलेलं नव्हतं. बायकांनी आणि त्यांच्या डॉक्टरांनी ते ठरवलं होतं, अभ्यासकांनी फक्त पुढे काय होतं ते पाहिलं. गरोदरपणातल्या औषधांच्या सुरक्षेचे बहुतेक अभ्यास असेच असतात. गर्भवतींवर चिठ्ठ्या टाकून प्रयोग करायला सहसा कोणी धजत नाही, त्यामुळे निरीक्षणावरच भागवावं लागतं. आणि निरीक्षणाच्या अभ्यासात कोणाला घ्यायचं, कोणाला वगळायचं, ‘उलटला’ म्हणजे नेमकं काय, असे निर्णय पावलोपावली माणसांनाच घ्यावे लागतात. तो माणूस कोण, हा प्रश्न म्हणूनच इथे जास्त बोचतो.

निबंध १ फेब्रुवारी २००६ रोजी ‘जर्नल ऑफ द अमेरिकन मेडिकल असोसिएशन’मध्ये, म्हणजे सगळे ज्याला ‘जामा’ म्हणतात त्यात छापून आला. लेखक तेरा. नावांखाली नामांकित रुग्णालयांचे आणि विद्यापीठांचे पत्ते. निधी अमेरिकन सरकारच्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य संस्थेचा.

वेळही बघण्यासारखी होती. दोनच महिने आधी, डिसेंबर २००५ मध्ये, अमेरिकेच्या औषध प्रशासनाने पॅरॉक्सेटिन या नैराश्यावरच्या गोळीला गरोदरपणासाठी ‘ड’ वर्गात, म्हणजे गर्भाला धोका असल्याचा पुरावा असलेल्या औषधांत, टाकलं होतं, कारण बाळाच्या हृदयातल्या दोषांची शंका आली होती. आणि ‘जामा’तल्या निबंधानंतर आठच दिवसांनी, ९ फेब्रुवारीला, ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये दुसरा अभ्यास आला. जन्मानंतर फुप्फुसांतल्या रक्तवाहिन्यांचा दाब चढलेलाच राहतो, बाळ निळं पडतं, असा एक गंभीर आजार आहे. तो झालेली ३७७ बाळं आणि तुलनेसाठी ८३६ निरोगी बाळं घेतली, तर विसाव्या आठवड्यानंतर आईने याच जातीच्या गोळ्या घेतलेली बाळं पहिल्या गटात १४ आणि दुसऱ्यात ६ निघाली. धोका सहापट.

म्हणजे एकाच पंधरवड्यात डॉक्टरच्या टेबलावर दोन कागद. एक म्हणतो सोडू नका, दुसरा म्हणतो जपून.

आमच्याकडच्या मानसोपचार ओपीडीत हा प्रश्न आजही जसाच्या तसा येतो. मागे एकदा मी तिथे मैत्रिणीशेजारी बसले होते. पाचवा महिना लागलेली एक बाई आली, रुमालाच्या गाठीतून स्ट्रिप काढून टेबलावर ठेवली. दहातल्या सहा गोळ्या उरलेल्या, पण तारखेच्या हिशेबाने एकही उरायला नको होती. ‘‘मॅडम, ही बंद केली तर चालंल का? सासूबाई म्हणतात बाळाला गरम पडतं.’’ मैत्रिणीने तिला जे काही सांगितलं, त्यात फेब्रुवारी २००६ चे ते दोन्ही कागद होतेच. तिला स्वतःला ते आठवत होते की नाही कुणास ठाऊक.

अडचण

जुलै २००६ च्या ११ तारखेला ‘वॉल स्ट्रीट जर्नल’ने बातमी दिली. तेरापैकी बहुतेक लेखक नैराश्यावरच्या गोळ्या बनवणाऱ्या कंपन्यांचे सल्लागार होते किंवा त्यांच्यासाठी मानधन घेऊन व्याख्यानं देत होते. निबंधात न सांगितलेले असे संबंध एकूण साठाहून जास्त. मुख्य लेखक तीन कंपन्यांचा जुना सल्लागार, सात कंपन्यांचा मानधनी वक्ता, आणि त्याच्या इतर संशोधनाला चार कंपन्यांचा पैसा.

वर्गात इथपर्यंत आलं की कुणीतरी हमखास म्हणतं, ‘‘म्हणजे विकले गेलेले लोक.’’ मी थांबवते. साठाहून जास्त संबंध लपले यावरून आकडे खोटे होते असं सिद्ध होत नाही. तसा आरोपही मुख्यतः कुणाचा नव्हता. अडचण वेगळी होती. तो निबंध वाचणाऱ्या डॉक्टरला वाटत होतं की गोळी चालू ठेवा हे सांगणारा माणूस त्रयस्थ आहे. गोळी चालू राहिली तर ज्यांचा धंदा चालतो, त्यांच्याकडून हा माणूस मानधन घेतो हे त्याला माहीत असतं, तर त्याने निबंध फेकून दिला नसता, पण दोन वाक्यं परत वाचली असती. परत वाचण्याची ती संधी त्याच्या हातून काढून घेतली गेली.

पहिला निर्णय: फॉर्म भरताना

माझ्या मते सगळं प्रकरण इथे घडलं. बाकीचं नुसतं त्याचे पडसाद.

लेखकांनी नंतर दिलेलं स्पष्टीकरण साधारण असं होतं की अभ्यासाला कंपन्यांचा पैसा नव्हता, सरकारी निधी होता. विषय गरोदरपणात आजार कसा वागतो हा होता. म्हणून कंपन्यांशी असलेले संबंध या कामाशी संबंधित आहेत असं आम्हाला वाटलं नाही.

हे वाचून लगेच हसू नये. फॉर्म भरणाऱ्या जवळजवळ प्रत्येकाच्या डोक्यात हाच विचार चालतो. फॉर्म विचारतो, या कामाशी संबंधित काही आर्थिक हितसंबंध आहेत का? ‘संबंधित’ हा शब्द आला की ठरवणारा कोण, तर ज्याने पैसे घेतले तोच. शाळेत ज्याने गृहपाठ केला नाही त्यालाच वह्या तपासायला बसवावं, तसा प्रकार. आणि तो अप्रामाणिक असायलाच पाहिजे असंही नाही. वर्षानुवर्षं कंपन्यांच्या कार्यक्रमात बोलणाऱ्या माणसाला ते मानधन त्याच्या ज्ञानाचा मोबदला वाटतं. त्याच्या दृष्टीने ते त्याच्या मताआधीचं कारण नसतं, मतानंतरचं फळ असतं. ‘मी आधीपासूनच हे म्हणत होतो, म्हणून त्यांनी मला बोलावलं.’ असेलही खरं. पण कंपनी नेमक्या कुणाला बोलावते हेही त्यातच आलं.

दुसरी गल्लत निधी आणि हितसंबंध एक धरण्याची. निधीची ओळ सांगते की या अभ्यासाचा खर्च कुणी केला. नावाखालचा पत्ता सांगतो की पगार कोण देतं. पगाराबाहेरचा पैसा कुठून येतो, या तिसऱ्या प्रश्नाला त्या दोन्ही ओळी उत्तर देत नाहीत. सरकारी निधीचा उल्लेख वाचला की वाचक निर्धास्त होतो, गंगाजल शिंपडल्यासारखं वाटतं. उलट कंपनीच्या पैशाने झालेला अभ्यास असता तर तेव्हाच्या ‘जामा’ने जास्त कडकपणे पाहिलं असतं. आकडेमोड फक्त कंपनीच्या पगारी लोकांनी केली असेल तर त्रयस्थ संख्याशास्त्रज्ञाकडून ती परत करून आणा, असा नियम त्यांनी २००५ मध्येच आणला होता. इथे पैसा सरकारी, म्हणून त्या चाळणीचा प्रश्नच आला नाही.

तेरा जणांतल्या कुणाला तरी, फॉर्मवर सही करताना, ‘अरे, आपण लिहून टाकू या’ असं वाटलं असेल का? वाटलं असेल तर ते मुख्य लेखकाला बोलला असेल का? याची नोंद कुठे नाही. पण ज्यांनी बहुलेखकी निबंधांवर काम केलं आहे त्यांना हे चित्र दिसेल. मेल येतो, उद्या सबमिट करतोय, सगळ्यांनी फॉर्म पाठवा. रात्री अकरा वाजता मोबाइलवर फॉर्म उघडायचा, ‘काही नाही’ वर टिक, सही, पाठवला.

संपादकांपुढचे पर्याय

बातमी येऊ घातली तेव्हा संपादकांसमोर काय काय होतं, ते मी वर्गात फळ्यावर लिहून घेते. मुलांचा पहिला पर्याय असतो निबंध मागे घ्या. दुसरा, या लोकांना काळ्या यादीत टाका. रागात सुचलेले पर्याय बहुधा हेच असतात.

मागे घेण्याचं काम तेव्हा अवघड होतं. निबंध रद्द करायचा तर त्यातले निष्कर्ष भरवशाचे नाहीत हे दाखवावं लागतं, आणि इथे तसा पुरावा नव्हता. शोधपत्रिकांच्या नीतीविषयीची ‘कोप’ ही संस्था १९९७ पासून आहे, पण निबंध कधी मागे घ्यावा यावरची तिची सूचनावली २००९ ची. मोठा हितसंबंध लपवला आणि त्याचा निष्कर्षांच्या अर्थावर परिणाम झाला असेल तर तेही मागे घेण्याचं कारण होऊ शकतं, हे त्यात स्पष्टपणे आलं २०१९ मध्ये.

बंदीबद्दल ‘जामा’च्या तेव्हाच्या मुख्य संपादक कॅथरीन डीअँजेलिस यांनी जाहीरपणे लिहिलं. मुद्दा असा की एका जर्नलने दार लावलं तर लेखक शेजारच्या दाराशी जातो. आपली अब्रू राखली जाते, वाचकाच्या पदरात काही पडत नाही. मला हे पटतं, आणि वर एक गोष्ट मी जोडते. तेरा लेखकांच्या निबंधात बंदी कुणावर? ज्याचे सात कंपन्यांशी व्यवहार होते त्याच्यावर, की ज्याचा एकही नव्हता पण ज्याचं नाव त्याच निबंधावर होतं त्या कनिष्ठ सहकाऱ्यावरही?

काहीच न करणं हा तिसरा पर्याय. आकडे तर बदलत नाहीत, उगाच कशाला उकरा. असं न म्हणणारं जर्नल कमीच.

चौथा पर्याय मुलांना सहसा सुचत नाही. कच्चा डेटा घेऊन कुणा त्रयस्थाकडून तो परत तपासून घेणं. मला तो सगळ्यात आवडतो, आणि तो झाला नाही.

काय केलं गेलं

‘जामा’ने लेखकांकडून खुलासा मागवला आणि त्याच जुलैमध्ये दुरुस्ती छापली. त्यात लेखकानुसार संबंधांची यादी आली. लेखकांचं स्पष्टीकरणही छापलं. निबंध जागेवर राहिला, त्याला दुरुस्ती जोडली गेली. जर्नलने आपला नियमही घट्ट केला. निबंध पाठवतानाच सगळे संबंध कळवा, आणि काही नसेल तर नाही असंही लिहून द्या.

हे प्रकरण एकटं नव्हतं. त्याच वर्षी काही महिन्यांच्या अंतराने ‘जामा’ला आणखी दोन निबंधांसाठी असंच करावं लागलं, एक संधिवाताच्या औषधांवरचा आणि दुसरा बायकांमधलं मायग्रेन आणि हृदयविकार यांवरचा. तीनदा तेच घडलं की चूक माणसात कमी आणि फॉर्ममध्ये जास्त शोधावी, असं माझं मत.

योगायोग पाहा. याच जुलैच्या १९ तारखेला अमेरिकेच्या औषध प्रशासनाने बाळाच्या फुप्फुसांच्या त्या आजाराबद्दल जाहीर सूचना काढली. हजारी एक-दोन बाळांत दिसणारा आजार या गोळ्यांमुळे सहा ते बारा बाळांत दिसू शकेल, असा त्या फेब्रुवारीतल्या अभ्यासाचा अर्थ. म्हणजे गोळी चालू ठेवा म्हणणाऱ्यांची विश्वासार्हता हलली आणि गोळीबद्दलची भीती सरकारी शिक्क्याने आली, ती एकाच महिन्यात. त्या महिन्यात अमेरिकेतल्या किती बायांनी स्ट्रिप कचऱ्यात टाकली असेल, याचा हिशेब कोणाकडे नाही.

निष्पत्ती

कागदोपत्री निष्पत्ती बरी झाली. १९७८ मध्ये व्हँकूव्हरला जमलेल्या संपादकांच्या गटातून जी आंतरराष्ट्रीय समिती झाली, तिने २००९ मध्ये सगळ्या जर्नल्ससाठी एकच समाईक फॉर्म आणला. त्यात आता या कामासाठी मिळालेली मदत कितीही जुनी असली तरी सांगायची, आणि बाकीचे संबंध गेल्या ३६ महिन्यांतले. अमेरिकेत २०१० च्या कायद्याने कंपन्यांनाच सक्ती केली की डॉक्टरांना दिलेला पैसा कळवा. ३० सप्टेंबर २०१४ पासून ही नोंद कुणालाही बघता येते. २००६ मध्ये पत्रकाराला खणून काढावं लागलं, ते आता नाव टाकलं की दिसतं. आपल्याकडे असं काही नाही. आयसीएमआरच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांत हितसंबंधांवर मजकूर आहे, २०२४ मध्ये औषध कंपन्यांच्या विक्रीपद्धतींची नवी संहिता आली, पण कोणत्या डॉक्टरला किती मिळाले हे नाव टाकून बघण्याची सोय नाही.

विज्ञानातली निष्पत्ती मात्र या सरळ गोष्टीत बसत नाही, आणि म्हणूनच मला हे प्रकरण शिकवायला आवडतं.

२०११ मध्ये ‘एपिडेमिऑलॉजी’ या जर्नलमध्ये दुसऱ्या गटाचा अभ्यास आला. त्यांनी बायका मानसोपचाराच्या विशेष केंद्रांतून घेतल्या नाहीत, बाळंतपणासाठी नेहमीच्या दवाखान्यांत येणाऱ्यांतून घेतल्या. पूर्वी नैराश्य येऊन गेलेल्या ७७८ जणी. गोळी घेणाऱ्या आणि न घेणाऱ्या यांच्यात स्पष्ट फरक दिसला नाही. मात्र ज्यांना आधी चार किंवा जास्त वेळा नैराश्य आलं होतं, त्यांना गरोदरपणात पुन्हा नैराश्य येण्याचा धोका जवळजवळ दुप्पट निघाला.

दोन्ही निबंध शेजारी ठेवले की गुंता सुटायला लागतो. पहिल्या अभ्यासातल्या बायका विशेष केंद्रांत पोचलेल्या, पुन्हापुन्हा आजारी पडलेल्या, वर्षानुवर्षं उपचार घेणाऱ्या होत्या. त्यांच्यासाठी ‘सोडू नका’ हे बरोबर असू शकतं. चूक तेव्हा होते जेव्हा तो निष्कर्ष गोळी घेणाऱ्या प्रत्येक गर्भवतीला लावला जातो. हा फरक पहिल्याच निबंधात, पद्धतीच्या भागात, लिहिलेला होता. मानधनाची यादी छापली असती तर कदाचित वाचक तिथे थबकला असता. नसताही थबकला.

आणि भीतीच्या बाजूचं काय झालं? २०११ च्या डिसेंबरमध्ये औषध प्रशासनाने आपलीच २००६ ची सूचना सौम्य केली. अभ्यास परस्परविरोधी आहेत, नक्की सांगता येत नाही. मग २०१५ मध्ये, पुन्हा ‘जामा’तच, ३७ लाखांहून जास्त गरोदरपणांच्या नोंदी तपासल्या गेल्या. वरवर पाहता दहा हजारी सुमारे २१ बाळांऐवजी ३१, पण आईचं नैराश्य आणि बाकीच्या गोष्टी हिशेबात धरल्या की धोका जेमतेम १.१ पट. सहापट कुठे आणि हे कुठे! ज्या अभ्यासाच्या लेखकांवर कुणी बोट ठेवलं नव्हतं, त्याचाही आकडा वितळला. १४ आणि ६ बाळांवर उभा असलेला आकडा वितळणारच.

काय वेगळं करता आलं असतं

पहिलं अर्थातच ‘संबंधित’ हा शब्द. लेखकाने सगळं लिहावं, काय संबंधित ते संपादकाने आणि वाचकाने ठरवावं. आजचे फॉर्म या दिशेने सरकले आहेत, पण ‘मला हे लागू नाही’ असं मनात म्हणायची सवय फॉर्मने जात नाही.

दुसरं योगदानाचं. ‘जामा’त तेव्हाही कोणी आराखडा केला, कोणी माहिती गोळा केली, कोणी आकडेमोड केली, कोणी लिहिलं हे वेगवेगळं छापत असत. आता त्यासाठी चौदा भूमिकांची ठरलेली यादीच बऱ्याच जर्नल्सनी घेतली आहे. पण योगदानाचा परिच्छेद वेगळा, हितसंबंधांचा वेगळा. वाचकाने तेरा नावांच्या आद्याक्षरांवर बोट ठेवून वरून खाली, खालून वर करत बसायचं. मुलांना मी ते एकदा करायला लावते, पेन्सिलने रेघा ओढून. दहा मिनिटांनी कागदाची जाळी होते. दोन्ही यादी एक करा ना! ज्याने रुग्ण निवडायचे निकष ठरवले, त्याच्या नावापुढेच त्याचे व्यवहार. ज्याने फक्त मसुदा वाचून दोन सूचना केल्या, त्याचे सात कंपन्यांशी संबंध असले तरी फार बिघडत नाही. ज्याने ‘उलटला’ ची व्याख्या केली, त्याचा एक संबंधही महत्त्वाचा. ही सोय अजून कुठल्या मोठ्या जर्नलने केलेली मी पाहिली नाही.

तिसरं संपादकांबद्दल, आणि इथे मी थोडी कठोर आहे. दुरुस्ती छापली, ठीक. पण दुरुस्ती जुलैच्या अंकात, निबंध फेब्रुवारीच्या. ज्याने फेब्रुवारीत झेरॉक्स काढून खणात ठेवली, त्याच्या झेरॉक्सला दुरुस्ती कशी चिकटणार? तेव्हाच डेटा तिसऱ्या माणसाला दिला असता, सौम्य आणि तीव्र आजाराच्या बायकांचे निकाल वेगळे मांडून घेतले असते, तर २०११ च्या उत्तराच्या जवळपास पाच वर्षं आधी जाता आलं असतं. कदाचित. २०१ बायकांत तेवढी ताकद नसतीही निघाली.

लेखकांपैकी कनिष्ठांना मी फार दोष देत नाही. निवासी डॉक्टरने एचओडीला विचारायचं, ‘सर, तुमचं ते मानधन लिहिलंय का?’ हे बॉस्टनमध्येही सोपं नसणार.

एक गोष्ट स्वतःबद्दल. काही वर्षांपूर्वी गरोदर स्त्रियांच्या लसीकरणावरच्या एका निबंधात माझं तिसरं नाव होतं. फॉर्म आला, मी ‘काही नाही’ वर टिक केली, अगदी शुद्ध मनाने. जुलैत सीएकडे रिटर्नसाठी कागद दिले. त्याने २६एएस, म्हणजे आयकर खात्याकडचा कापलेल्या कराचा तक्ता, काढला आणि विचारलं, ‘‘मॅडम, हे कुठलं उत्पन्न? टीडीएस कापलंय.’’ एका लस कंपनीच्या सीएमईत, म्हणजे डॉक्टरांसाठीच्या व्याख्यानाच्या कार्यक्रमात, मी बोलले होते, त्याचं मानधन. तासाभराचं व्याख्यान, हॉटेलचा हॉल, वर पुष्पगुच्छ. मी विसरले होते. आयकर खातं विसरलं नव्हतं.

जर्नलला मेल केला. त्यांनी तीन महिन्यांनी दोन ओळींची दुरुस्ती छापली. विभागात एक वरिष्ठ म्हणाले, ‘‘कशाला उकरून काढलंस? कुणी विचारलं होतं?’’ कुणी विचारलं नव्हतं हे खरं.

तेव्हापासून पहिल्या जर्नल क्लबला मी दोन निबंध वाटते. तेरा लेखकांचा तो, आणि माझा, दुरुस्तीचा कागद न जोडता. मुलं दोन्ही मागून वाचतात. आजवर एका मुलीने विचारलं, ‘‘मॅडम, तुमचं नाव आहे ना यात? मग तुम्ही त्या कंपनीच्या सीएमईला बोलला होता, त्याचं काय?’’ तिने आमच्या कॉलेजच्या जिन्यातलं जुनं पोस्टर वाचलं होतं.